चालणे चांगलेच, पण साठीनंतर तेवढ्याने भागत नाही

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत व्यायामावर येणारे लेख मी नियमाने वाचते. अलीकडच्या एका लेखात वयानुसार व्यायामाची वाटणी करून दिली होती : तरुणांनी जिममध्ये जावे, मध्यमवयीनांनी झपझप चालावे आणि साठी ओलांडलेल्यांनी झेपेल तेवढे फिरून यावे व उरलेला वेळ शरीराला आराम द्यावा. लेखाचा हेतू चांगला होता आणि त्यातले बरेचसे बरोबरही होते. मात्र शेवटच्या सल्ल्याला माझी हरकत आहे आणि ती नोंदवण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. मी भौतिकोपचाराचे (फिजिओथेरपीचे) काम करून निवृत्त झाले आहे. घरातल्या घरात पडलेल्या, खुब्याचे हाड मोडलेल्या आणि त्यानंतर पुन्हा धड उभ्या न राहिलेल्या वृद्धांशी त्या कामात माझा फार संबंध आला. त्यांच्यातले बहुतेक जण आळशी मुळीच नव्हते. कोणीतरी, बहुधा प्रेमापोटीच, त्यांना आता जपून राहायला सांगितले होते आणि त्यांनी ते मनावर घेतले होते.

विश्रांतीवरचा हा विश्वास आपल्याला वैद्यकशास्त्रानेच दिला, हे आधी मान्य करायला हवे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला चार ते सहा आठवडे अंथरुणातून उठू देत नसत. १९५२ मध्ये सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या अमेरिकी डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसवण्याची पद्धत मांडली. नुसते खुर्चीत बसवणे, त्यापलीकडे काही नाही. तरीही त्या काळी ते धाडसच ठरले. पुढे १९६६ मध्ये डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्याचा प्रयोग झाला. शरीराची प्राणवायू वापरण्याची जी कमाल क्षमता असते, जिच्यावर आपला दमसास अवलंबून असतो, ती तेवढ्या काळात सुमारे २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनंतर, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची ही क्षमता जितकी कमी केली होती, त्यापेक्षा कितीतरी अधिक ती विशीतल्या तीन आठवड्यांच्या सक्तीच्या विश्रांतीने कमी केली होती, असे दिसून आले. मग त्यांच्याकडून सहा महिने बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम करून घेतला आणि विशीत, अंथरुणावर झोपण्यापूर्वी, त्यांची जी क्षमता होती तिथपर्यंत ते परत पोहोचले. पाच जणांवरून सगळ्या मानवजातीविषयी निष्कर्ष काढू नये, हे खरे. तरीही आपण ज्याला वयाचा परिणाम म्हणतो त्यात वयाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती, हा प्रश्न या प्रयोगाने कायमचा उभा केला.

हालचालीचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा पद्धतशीरपणे दाखवला तो लंडनच्या दुमजली बसगाड्यांनी. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये बसचालक व वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघेही एकाच गाडीवर, एकाच शहरात आणि जवळपास सारख्याच परिस्थितीत काम करणारे. फरक इतकाच की चालक पाळीभर बसून असे आणि वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसाला शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. हृदयविकाराचे प्रमाण चालकांमध्ये लक्षणीयरीत्या अधिक आढळले आणि त्यांच्यात तो अधिक प्राणघातकही ठरत होता. चालक मुळातच अधिक स्थूल असतील, अशी शंका घेतली गेली. तेव्हा मॉरिस यांनी त्यांच्या गणवेशांच्या कमरेची मापे काढून तीही तपासली. चालकांच्या कमरा खरोखरच अधिक रुंद होत्या, परंतु एकाच मापाच्या चालक-वाहकांची तुलना केली तरी फरक उरतच होता. स्वतः मॉरिस आयुष्यभर व्यायाम करत राहिले आणि २००९ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी वारले. एका माणसाच्या आयुर्मानावरून काही सिद्ध होत नाही, पण हे सांगण्याचा मोह आवरत नाही.

आपल्या वाचकांपैकी अनेकांना एक समाधान वाटत असते, त्याला मात्र यानंतरच्या संशोधनाने धक्का दिला. तारुण्यात आपण पुष्कळ खेळलो, कष्ट केले, तेव्हाचे शरीर कमावलेले आहे आणि ते जन्मभर पुरेल, असे हे समाधान असते. राल्फ पॅफेनबार्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे १७ हजार माजी विद्यार्थ्यांचा पाठपुरावा केला आणि १९७८ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, पण पुढे खेळ आणि व्यायाम सोडून दिलेले पुरुष हृदयविकाराच्या बाबतीत कोणत्याही विशेष संरक्षणात नव्हते. विद्यार्थिदशेत कधी मैदानावर न उतरलेले, पण नंतरच्या आयुष्यात सक्रिय झालेले लोक त्यांच्यापेक्षा चांगल्या स्थितीत होते. दमसास आणि स्नायूंची ताकद साठवून ठेवता येत नाही. ती वापरात असेपर्यंतच असते. हे कटू वाटले तरी त्याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे, कारण ज्याने तारुण्य वाया घालवले त्याच्यासाठीही दार बंद झालेले नसते.

हाडांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि म्हणून बालपणाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. किशोरवयात उंची ज्या दोनेक वर्षांत सर्वात झपाट्याने वाढते, त्या काळात प्रौढपणीच्या हाडांतील खनिजांचा जवळपास चौथा हिस्सा जमा होतो आणि विशी संपेपर्यंत ही जमा बहुतेक पूर्ण होते. त्यानंतर आयुष्यभर मुख्यतः खर्चच चालू राहतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर तो काही वर्षे अधिकच वेगाने होतो. हाडाला मजबुती येते ती धक्क्याने आणि भाराने. धावणे, उड्या मारणे, दिशा बदलत पळणे यांमुळे हाडावर जो ताण येतो, त्याला प्रतिसाद म्हणून हाड जाड व घट्ट होते. टेनिस व स्क्वॉश खेळणाऱ्या महिलांचा फिनलंडमध्ये अभ्यास झाला, तेव्हा खेळणारा हात आणि दुसरा हात यांच्या हाडांतला फरक मोजला गेला. पाळी सुरू होण्यापूर्वी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्या महिलांमध्ये हा फरक, पुष्कळ उशिरा खेळ सुरू करणाऱ्यांपेक्षा दुप्पट ते चौपट होता. त्या दृष्टीने जगाची आजची अवस्था चिंताजनक आहे. ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले-मुली पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा २०१६ च्या आकडेवारीवर आधारलेला निष्कर्ष आहे, आणि यात मुलींची स्थिती मुलांपेक्षा वाईट आहे. या वयासाठी संघटनेने दिवसाला सरासरी ६० मिनिटांची हालचाल सुचवली आहे. परीक्षा जवळ आली की शाळेच्या वेळापत्रकातून सर्वात आधी खेळाचा तास का जातो, याचे समाधानकारक उत्तर मला कोणत्याही मुख्याध्यापकाकडून मिळालेले नाही.

मध्यमवयाविषयी आपल्या पुरवणीतून पुरेसे लिहिले जाते, त्यामुळे मी दोन गैरसमजांपुरतेच बोलते. पहिला गैरसमज दहा हजार पावलांचा. हा आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार अमेरिकी महिलांच्या २०१९ मधील अभ्यासात, दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी आढळला आणि साडेसात हजार पावलांच्या आसपास हा लाभ स्थिरावला. दहा हजार होत नाहीत म्हणून खट्टू होऊन बसून राहणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. दुसरा गैरसमज सलग वेळेचा. एका दमात किमान दहा मिनिटे हालचाल झाली तरच ती मोजावी, अशी अट पूर्वी होती. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने ती काढून टाकली. प्रौढांसाठी आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटे सांगितली आहेत आणि ती कशीही विभागून पूर्ण केली तरी चालतात. ज्या गरोदर महिलांना डॉक्टरांनी मनाई केलेली नाही, त्यांनाही आता किमान १५० मिनिटांचीच शिफारस आहे. त्याच सूचनांतले एक वाक्य मात्र लेखांतून हमखास गळते : सर्व प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूगटांना ताकदीचा व्यायाम द्यावा. चालण्याच्या मिनिटांचा हिशेब ठेवणारी कित्येक माणसे मला भेटली. या दोन दिवसांची आठवण ठेवणारी फारच थोडी.

आता माझ्या मूळ हरकतीकडे येते. तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायूंचे वस्तुमान सुमारे ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर घटीचा वेग वाढतो. ताकद तर वस्तुमानापेक्षाही जलद कमी होते. याचे एक कारण असे की स्नायूंमध्ये संथ आणि जलद अशा दोन प्रकारचे तंतू असतात व वयाबरोबर जलद तंतू अधिक झिजतात. संथ तंतू आपल्याला तासभर चालवू शकतात. पण पाय घसरल्यावर क्षणार्धात दुसरा पाय पुढे टाकून स्वतःला सावरण्याचे काम जलद तंतूंचे असते. खोल खुर्चीतून हात न टेकता उठण्यालाही तेच लागतात. रोज सकाळी नेमाने फेरी मारणारे गृहस्थ स्नानगृहात पडतात आणि घरच्यांना आश्चर्य वाटते, ते याचमुळे. सपाट रस्त्यावर संथ गतीने चालताना या तंतूंना फारसे काम पडत नाही, आणि जे काम त्यांना कधी पडतच नाही ते वेळ आल्यावर त्यांच्याकडून होण्याची अपेक्षाही करता येत नाही. पडण्याच्या प्रतिबंधाविषयी झालेल्या शंभराहून अधिक चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. व्यायामामुळे वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. हा परिणाम मुख्यतः तोल सांभाळण्याच्या आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामांतून, तसेच त्यांच्या जोडीला ताकदीचा व्यायाम दिल्यावर दिसला. नुसत्या चालण्याच्या कार्यक्रमांविषयी असा ठाम पुरावा मिळाला नाही. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट शिफारस आहे. म्हणजे वयाबरोबर ताकदीच्या व्यायामाचे दिवस वाढवायला सांगितले आहेत आणि आपल्याकडच्या लेखांतून नेमका उलटा सल्ला जातो.

हे वय गाठल्यावर शरीर प्रतिसाद तरी देईल का, ही शंका मला नेहमी विचारली जात असे. मारिया फियाटारोन यांच्या १९९० मधील अभ्यासाइतके नेमके उत्तर माझ्याकडे दुसरे नाही. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा दुर्बल व्यक्तींकडून त्यांनी आठ आठवडे मांडीच्या स्नायूंसाठी वजनांचा व्यायाम करून घेतला, आणि तोही हलका नव्हे, प्रत्येकाच्या कमाल ताकदीच्या मानाने चांगलाच जड. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांतच त्यातला सुमारे तिसरा हिस्सा गमावला गेला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. याच संशोधकांनी १९९४ मध्ये शंभर वृद्धांवर मोठा अभ्यास केला. त्यात काहींना व्यायाम, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही आणि काहींना यांपैकी काहीच न देता तुलना केली. व्यायाम करणाऱ्यांची ताकद, चालण्याचा वेग आणि जिने चढण्याची क्षमता वाढली. व्यायामावाचून दिलेल्या पोषक पेयाने दुर्बलतेत फरक पडला नाही. प्रथिनांचे डबे विकणाऱ्यांच्या जाहिराती ज्या आवेशात 'उतारवयातील ताकदी'विषयी बोलतात, त्या आवेशाला हे थोडे थंड पाणी आहे. पुढे २०१४ मध्ये, ७० ते ८९ वर्षांच्या १,६३५ व्यक्तींवरील अमेरिकेतील चाचणीत चालणे, ताकद, लवचिकता आणि तोल यांचा एकत्र कार्यक्रम दिला गेला. सुमारे अडीच वर्षांत या गटात ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावण्याची शक्यता, नुसते आरोग्यशिक्षण घेतलेल्या गटाच्या तुलनेत १८ टक्क्यांनी कमी झाली. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण कोणाच्या आधाराशिवाय घराबाहेर पडता येणे आणि न येणे यांतले अंतर ज्याने पाहिले आहे, त्याला त्याची किंमत कळेल.

हे सारे लिहिताना व्यायामाला रामबाण ठरवण्याची माझी इच्छा नाही. केवळ व्यायामाने वजन फारसे उतरत नाही, आणि त्या एका अपेक्षेने सुरुवात करणारे बहुधा महिनाभरात सोडून देतात. निरीक्षणातून निघालेल्या निष्कर्षांत एक अडचण कायम असते : जे निरोगी असतात तेच अधिक हिंडतात-फिरतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे वेगळे करणे कठीण जाते. म्हणूनच मी वर शक्य तेथे प्रत्यक्ष चाचण्यांचा आधार घेतला. तसेच दिवसभर ओझी वाहणाऱ्या किंवा वाकून काम करणाऱ्या माणसाला 'व्यायाम करा' असे सरधोपटपणे सांगणे मला उद्धटपणाचे वाटते. त्याच्या शरीराला खरोखरीच विश्रांती हवी असते, आणि व्यायाम द्यायचाच तर तो त्याचे काम ज्या स्नायूंकडे दुर्लक्ष करते त्यांना द्यायला हवा.

घरच्या मंडळींसाठीही दोन शब्द. वृद्ध व्यक्ती पाणी आणायला उठू लागली की 'तुम्ही बसा, मी आणून देते' असे आपण सहज म्हणतो. आदराने आणि मायेने म्हणतो, पण दिवसभरात अशा वीस-पंचवीस वेळा उठण्या-बसण्याची संधी आपण त्यांच्याकडून काढून घेतो, आणि त्या उठाबशा हाच कित्येकांचा ताकदीचा एकमेव व्यायाम असतो. जिना चढण्याचे, वाळलेले कपडे उतरवण्याचे, हलकी पिशवी उचलण्याचे काम त्यांच्याकडे राहू द्यावे. वेळ लागला तर लागू द्यावा. घरात अंधाऱ्या वाटा, सरकणारी पायपुसणी आणि ओली फरशी असेल तर ती मात्र आपण तत्परतेने दुरुस्त करावी. जपायचे असेल तर तिथे जपावे.

सुरुवात कशी करावी, याविषयी थोडे सांगते, कारण नेमके तेच लेखांतून राहून जाते. भिंतीला टेकवलेल्या, हलणार नाही अशा खुर्चीवरून छातीवर हात बांधून उठावे आणि सावकाश बसावे. सुरुवातीला हात टेकावे लागले तरी हरकत नाही. ओट्याला किंवा खिडकीच्या कठड्याला धरून टाचा उचलाव्यात. त्याच आधाराने एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा. भिंतीवर तळहात टेकून शरीर पुढे-मागे न्यावे. प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा सहज जमू लागला की तो थोडा अवघड करावा, कारण सहज जमणाऱ्या कामातून ताकद वाढत नाही; हा एक नियम पाळला नाही तर बाकीचे सगळे शोभेपुरते उरते. जोर लावताना श्वास रोखून धरू नये, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी. दुसऱ्या दिवशी स्नायू किंचित दुखणे स्वाभाविक आहे. सांध्यात तीक्ष्ण कळ येणे, छातीत दडपण वाटणे, भोवळ येणे किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे मुळीच स्वाभाविक नाही, आणि तसे झाल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल तर आरंभीच तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. सल्ला घेताना 'व्यायाम करू का' असे न विचारता 'कोणता आणि किती करू' असे विचारावे, अशी माझी सूचना आहे. पहिल्या प्रश्नाला घाईत असलेला डॉक्टर 'नको' म्हणून मोकळा होण्याची शक्यता अधिक असते.

संपादक महोदय, आपल्याकडे माझ्या दोन विनंत्या आहेत. व्यायामावरच्या लेखांसोबत आपण जी छायाचित्रे छापता त्यांतील माणसे जवळपास नेहमीच पंचविशीतली आणि पिळदार शरीराची असतात. अधूनमधून सत्तरीतल्या एखाद्या बाईंचे, खुर्चीवरून उठताना किंवा डंबेल उचलतानाचे छायाचित्रही छापावे. आणि वर सांगितलेले चार-पाच व्यायाम, त्यांच्या चित्रांसह व सावधगिरीच्या सूचनांसह, मोठ्या टंकात एका पानावर द्यावेत, म्हणजे ज्यांना ते कापून कपाटाच्या दारावर लावायचे आहेत त्यांना चष्मा शोधावा लागणार नाही. मजकूर तपासून देण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भौतिकोपचारतज्ज्ञ